थंडीचा बाऊ आणि गोठ्याचा कोंडमारा

मार्गशीर्ष लागला आणि निफाडच्या उतरत्या पाऱ्याची वार्ता वृत्तपत्रांतून झळकू लागली, की देशावरील गोठ्यागोठ्यांतून एक ठरावीक तजवीज सुरू होते. खताची रिकामी पोती, जुनी गोणपाटे, गेल्या पावसाळ्यात फाटलेली ताडपत्री असे जे हाताशी सापडेल ते कुडाच्या व जाळीच्या फटींना बांधून गोठा चहूबाजूंनी बंद करण्यात येतो, आणि मुक्या जनावराची थंडीपासून राखण केली या समाधानात घरधनी निद्राधीन होतो. या तजविजीमागील माया निर्विवाद आहे. तिची उपयुक्तता मात्र आम्हांस मान्य करवत नाही.

ज्या प्राण्याच्या पोटात वैरण अहोरात्र आंबत असते आणि त्या आंबण्यातूनच ज्याला भरपूर ऊब लाभते, त्या प्रौढ गाईला आपल्या मुलखातील थंडी ही आपत्ती नसून बहुधा विश्रांतीच असते. होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाईला साधारणतः ५ ते २५ अंश सेल्सियस ही मर्यादा मानवते. तिची खरी परीक्षा वैशाखात असते, पौषात नव्हे. उलट, बंद केलेल्या गोठ्यात मूत्राचा अमोनिया, शेणाची ओल आणि श्वासाची वाफ ही तिन्ही रात्रभर कोंडून राहतात. वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि ते उत्तररात्री जनावरांच्या पाठीवर ठिबकू लागते. पहाटे धारेला गोठ्यात पाऊल टाकताच डोळे चुरचुरले, तर पोती आपणच गैरजागी बांधली आहेत, असे खुशाल समजावे. वाऱ्याच्या बाजूस जनावराच्या पाठीइतक्या उंचीपर्यंत आडोसा करावा, वळचणीखालची जागा सताड मोकळी ठेवावी, आणि दिवस कासराभर वर आला की तो आडोसाही गुंडाळून जनावरे उन्हात बांधावी, एवढा बंदोबस्त पुरे.

वासराची गोष्ट निराळी. नुकतेच जन्मलेले, अंगाने ओले, चरबी नावापुरती आणि रवंथाचे पोट अद्याप निजलेले असे ते लेकरू ज्या गारठ्यात काकडते, त्याच गारठ्यात त्याची आई निवांत रवंथ करीत असते. ते पुसून कोरडे करणे आणि पहिल्या तास-दोन तासांत पोटभर चीक पाजणे या दोन कामांत हयगय झाली, तर पुढे कितीही शेकले तरी त्याची भरपाई होत नाही. दिवसभरात वासराच्या वजनाच्या एकदशांश चीक त्याच्या पोटात जावा, हा सर्वमान्य हिशेब आहे. परंतु वार पडेपर्यंत वासराला आचळ लावावयाचे नाही, हा जुना शिरस्ता अनेक घरांतून आजही बिनतक्रार पाळला जातो, आणि वार पडण्यास आठ-आठ तास लागत असता वासरू तोवर उपाशी कुडकुडते. रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात शोषून घेण्याची वासराची शक्ती तासागणिक घटत जाते. शिवाय वासरू लुचल्याने वार पडण्यास मदतच होते. वासराखाली पाचट, भुसा अथवा गवत जे घालाल ते कोरडे असावे, आणि त्याची पारख करण्यास यंत्र नको: त्या अंथरुणावर क्षणभर गुडघे टेकावे, आणि धोतर वा लुगडे ओलावले तर अंथरूण बदलावे.

लुगड्याचा उल्लेख आम्ही बुद्ध्याच केला. आमचे मासिक येते पुरुषाच्या नावे, मेळाव्यांत पुढच्या खुर्च्यांवर बसतो तोही पुरुषच. परंतु वासरू हातात घेणारी, चीक पाजणारी, शेणघाण काढून त्याच थंड शेणाच्या गोवऱ्या थापणारी बाई या सर्व उपदेशाच्या वर्तुळाबाहेरच राहते. दूध संघांच्या चालकांनी हिवाळी शिबिरे भरवताना ती दुपारच्या वेळी आणि गोठ्याजवळच भरवावी, एवढी सूचना आम्ही करून ठेवतो.

चाऱ्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. गाळपाच्या हंगामात उसाचे वाढे जवळजवळ फुकट मिळते आणि कडब्याची गंज तळाला गेलेली असते, म्हणून दावणीत सकाळ-संध्याकाळ वाढेच पडते. त्यातील ऑक्झलेट अंगातील कॅल्शियम धरून ठेवते आणि दुभत्या जनावरास ते महागात पडते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि त्यासोबत दुसरी काही वैरण अवश्य असावी. दवाने ओला झालेला लसूणघास उपाशीपोटी घालू नये, हे आमच्या वाचकांपैकी पोटफुगीचा फटका खाल्लेल्यांना सांगावयास नकोच.

याच महिन्यांत जनावरांच्या गाठीभेटीही वाढतात. बीड-नगरकडील ऊसतोडणीचे बैल कारखान्यांच्या तळांवर एकत्र बांधले जातात, पुसेगावला खिलारांचा आणि नांदेडकडे माळेगावला खंडोबाचा बाजार भरतो, आणि या सर्व मेळ्यांतून लाळखुरकूत आमंत्रणाशिवाय हिंडते. २०१९ सालापासून केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण कार्यक्रमान्वये दर सहा महिन्यांनी तिची लस विनामूल्य टोचली जाते, तरीही दोन दिवस दूध कमी येईल या भयाने दारी आलेल्या पथकास परत पाठविणारे गोपालक आम्ही पाहिले आहेत. लस अंगी लागण्यास दोन-तीन आठवडे जातात; तेव्हा यात्रेच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यात अर्थ नाही.

राहिली म्हैस. उन्हाळ्यात माजाचे लक्षण सहसा लपविणारी ही जात दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, पण तिचा माज गाईसारखा गाजावाजा करीत नाही, आणि तो बहुधा रात्री अथवा भल्या पहाटे, म्हणजे आपण घोंगडीत असतो त्याच वेळी, प्रकट होतो. स्वच्छ पारदर्शक सोट, वरचेवर थोडे-थोडे मूत्र टाकणे, अकारण पान्हा चोरणे, यांवरूनच तो ओळखावा लागतो. पहाटे आढळला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी आढळला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे मार्गशीर्षात फळलेली म्हैस पुढील आश्विन-कार्तिकात, हिरवी वैरण मुबलक असताना विते; हाच माज दोन-तीनदा हुकून फाल्गुन उलटला, की ती बहुधा पुढच्या पावसाळ्यापर्यंत भाकडच राहते आणि तिचा वर्षाचा खर्च घरधन्याच्या बोकांडी बसतो. म्हणून निजण्यापूर्वी एकदा आणि धारेपूर्वी एकदा कंदील अथवा बॅटरी घेऊन म्हशींमागून फेरी मारावी, माज दिसेल त्या तारखेपुढे म्हशीचे नाव दिनदर्शिकेत लिहावे, आणि तिथून एकविसाव्या दिवसावर खूण करून ठेवावी.