मठही हवा, दवाखानाही

जीव घाबरा झाला की हुबळी-धारवाडच्या माणसाला जायला दोन ठिकाणं आहेत. हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा मठ आणि धारवाडात ‘डिमहान्स’, म्हणजे मनाच्या आजारांची सरकारी संस्था. मठात तो सगळ्यांना सांगून जातो. डिमहान्समध्ये जायचं तर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धडपडतो. कोरोनाच्या काळाने हा भेद किती महागात पडतो ते दाखवलं, आणि तरीही आपण तो मिटवलेला नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. कर्नाटकातली मंदिरं 8 जूनपर्यंत बंद होती. त्या दिवसांत श्रद्धेने अनेकांना तारलं, हे मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. सकाळची पूजा, ठरलेली माळ, संध्याकाळचा दिवा यांमुळे एकासारखा एक वाटणारा दिवस कुठेतरी सुरू व्हायचा आणि कुठेतरी संपायचा. हातात काहीच उरलं नसताना ‘नमः शिवाय’ एवढं तरी हातात होतं.

पण जप घरात होतो, सत्संग एकट्याने होत नाही. दासोहाच्या पंगतीत शेजारी बसणारा, भजनात टाळ धरणारा, चार दिवस दिसला नाही तर चौकशी करणारा माणूसच तेव्हा नाहीसा झाला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तर कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही झालं नाही. अंत्यविधी मोजक्यांत उरकले, दिवसकार्याला गणगोत जमलं नाही. दुःख वाटून घ्यायला माणसं लागतात. ते न वाटलेलं दुःख आजही अनेक घरांत तसंच आहे.

आणि श्रद्धा नेहमी आधारच देते असंही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी यातला फरक अभ्यासून मांडला आहे. ‘देव माझ्या पाठीशी आहे’ ही भावना माणसाला उभं करते. ‘देवाने मला शिक्षा केली’ ही भावना त्याला आतून पोखरते. आपल्यामुळे आई-वडिलांना लागण झाली, हे आपलंच पाप, असं मानून झुरणाऱ्याला आणखी एक व्रत सांगणं हा उपाय नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नकोसं, जगणं नकोसं, हा आजार आहे. तुझी भक्ती कमी पडली, असं अशा माणसाला सांगणं हा अपराध आहे.

म्हणून मठ, मंदिरं, दर्गे, चर्च आणि भजनी मंडळं यांना कळकळीची विनंती. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते डॉक्टरांच्या शब्दाला नाही. प्रवचनात एकदा तरी सांगा, की मनाच्या आजाराचं औषध घेणं म्हणजे देवावरचा विश्वास सोडणं नव्हे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू आहे. तिथे कन्नडमध्येही बोलता येतं, मराठीतही. तिचा 14416 हा क्रमांक आरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठळक अक्षरांत लावा. आणि नेहमी येणारा कुणी दिसेनासा झाला, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जा.