जीएसटी कपातीनंतरचा प्रश्न: लिफ्ट उचलत नाही म्हणून जुना ट्रॅक्टर विकायचा का?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि अनेक सुटे भाग १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. या भागांत ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंपही आहे. बातम्यांत नवीन ट्रॅक्टर स्वस्त झाल्याची चर्चा जास्त झाली. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणेही त्याच निर्णयाने स्वस्त झाले, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

जुना ट्रॅक्टर बदलायला निघालेल्या शेतकऱ्याची नेहमीची तक्रार असते, "इंजिन चांगलं आहे, पण लिफ्ट उचलत नाही." हा दोष किरकोळ आहे की मोठा, हे न तपासता सौदा केला तर नुकसान तुमचेच होते.

आधी हिशेब

उदाहरणादाखल, करापूर्वी ७ लाख रुपये किंमत असलेला ट्रॅक्टर घ्या. १२ टक्के कराने तो ७ लाख ८४ हजारांना पडत होता, आता ७ लाख ३५ हजारांना पडतो. ४९ हजार वाचले हे खरे, पण बाकीचे सात लाख ३५ हजार रोखीने किंवा कर्जाने उभे करावेच लागतात. शिवाय नवीन ट्रॅक्टरचा भाव उतरला की जुन्याचा भावही खाली ओढला जातो. त्यात 'लिफ्ट गेली आहे' असे व्यापाऱ्याला समजले की तो आणखी भाव पाडतो.

आता दुरुस्तीची बाजू पाहा. करापूर्वी ८ हजारांचा पंप १८ टक्के कराने ९,४४० रुपयांना पडत होता, तो आता ८,४०० रुपयांना पडायला हवा. मात्र दुकानातील प्रत्येक वस्तू या सवलतीत येत नाही. ऑईल, बेअरिंग, रबरी रिंग यांचे दर वेगळे असू शकतात. म्हणून पक्के बिल घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे कराचा दर किती लावला आहे ते वाचा.

लिफ्ट चालते कशी

दोष शोधण्यापूर्वी चार भाग लक्षात ठेवा. पंप ऑईल ढकलतो. रिलीफ व्हॉल्व्ह दाब मर्यादेत ठेवतो. लिव्हरला जोडलेला कंट्रोल व्हॉल्व्ह ऑईल कुठे जायचे ते ठरवतो. सिलिंडरमधील पिस्टन लिफ्टचे हात वर करतो आणि ऑईल आत अडकून राहिले की वजन वरच धरून ठेवतो. उचलण्यासाठी पंप लागतो, पण इंजिन बंद असताना वजन धरून ठेवण्यासाठी पंप लागत नाही. निदानाची सगळी गुरुकिल्ली या फरकात आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी

- लिफ्टचे हात पूर्ण खाली करून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ऑईलची पातळी बघा. डम्पिंग ट्रॉली जोडली असेल तर तिच्या जॅकमध्ये बरेच ऑईल जाते आणि लिफ्टला कमी पडते.
- ऑईल दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जात आहे. चकाकणारा धातूचा चुरा असेल तर आत झीज सुरू आहे.
- फिल्टर किंवा जाळी साफ करा. तुंबलेल्या जाळीमुळे चांगला पंपही उपाशी राहतो.
- पोझिशन आणि ड्राफ्टचे लिव्हर योग्य जागी आहेत का पाहा. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अशा अवजारांना पोझिशन कंट्रोल वापरतात, नांगरटीला ड्राफ्ट कंट्रोल. ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी राहिला तरी लिफ्ट विचित्र वागते.
- लिफ्ट खाली येत नसेल तर उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद तर नाही ना, ते आधी पाहा.
- मॅसी फर्ग्युसन पद्धतीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या घरात असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. तिथे पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट उचलणारच नाही. इंजिनवर बाहेरून गिअर पंप बसवलेल्या ट्रॅक्टरांत हा प्रश्न येत नाही.

लक्षणावरून दोष

*अजिबात उचलत नाही:* ऑईल, जाळी, पंपाची जोडणी आणि लिव्हरच्या आतील सांधे या क्रमाने तपासा. लिव्हर हलवल्यावर इंजिनवर भार येऊन आवाज बदलत असेल, तर पंप दाब तयार करतो आहे. मग अडचण सहसा पुढे आहे: रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे किंवा लिफ्टचे हात कुठेतरी अडकले आहेत. इंजिनला काहीच फरक पडत नसेल, तर पंप, त्याला येणारे ऑईल आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्याकडे आधी पाहा.

*रिकामी उचलते, अवजारासह नाही:* पुरेसा दाब तयार होत नाही किंवा तो वाटेत गळतो. झिजलेला पंप, कमजोर रिलीफ व्हॉल्व्ह, पिस्टनचे सील हे तीन संशयित.

*सकाळी चांगली, दुपारी ढिली:* गरम झाल्यावर ऑईल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून निसटते. हे झिजेचे लक्षण आहे. मात्र चुकीच्या दर्जाचे पातळ ऑईल भरले असेल तरीही असेच होते, म्हणून आधी पुस्तिकेत सांगितलेले ऑईल भरून पाहा.

*उचलते, पण इंजिन बंद केल्यावर बसते:* इथे सहसा पंपाचा दोष नसतो. अडकलेले ऑईल पिस्टनचे सील किंवा ओ-रिंग, चेक व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा झिजलेल्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटते आहे. या तक्रारीवर कोणी थेट पंप बदलायला सांगत असेल तर थांबा.

*इंजिन चालू असताना अवजार वर-खाली डुलते:* आधीचाच दोष, वेगळ्या रूपात. ऑईल गळून अवजार थोडे खाली येते, कंट्रोल व्हॉल्व्ह ते ओळखून पुन्हा उचलतो, आणि हे चक्र चालू राहते.

*पंप किंचाळतो, लिफ्ट झटके देत उचलते:* ऑईल कमी आहे, जाळी तुंबली आहे किंवा ओढणाऱ्या बाजूच्या पाइपातून हवा शिरते आहे. असा पंप चालवत राहिलात तर तोही जाईल.

तीन चाचण्या

१. *बसण्याची चाचणी:* अवजार जोडून पूर्ण उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासूनची उंची मोजा आणि १०-१५ मिनिटांनी पुन्हा मोजा. जुना ट्रॅक्टर थोडा बसतोच. काही मिनिटांत अवजार जमिनीला टेकत असेल तर आत गळती आहे.

२. *ट्रॉलीची चाचणी:* बाहेरच्या जोडणीवर डम्पिंग ट्रॉली नीट उचलली जाते आणि लिफ्ट मात्र उचलत नाही, तर पंप बहुधा ठीक आहे. दोष लिफ्टच्या सिलिंडरकडे किंवा कंट्रोलकडे शोधा. दोन्ही कमजोर असतील तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह आणि जाळी तपासा.

३. *गेजची चाचणी:* मिस्त्रीला प्रेशर गेज लावायला सांगा. बऱ्याच ट्रॅक्टरांत दाब साधारण १५० ते २०० बारच्या दरम्यान असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. थंड आणि गरम, दोन्ही वेळी मोजा.

दाब कमी आला म्हणून रिलीफ व्हॉल्व्हखाली वॉशर टाकून तो वाढवू नका. खरा दोष तसाच राहतो आणि वाढलेल्या दाबाने पाइप, सिलिंडर किंवा लिफ्टचे कव्हर फुटू शकते.

जीव सांभाळा

उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका. काम करायचेच असेल तर अवजार खाली टेकवा किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावा. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाचे ऑईल त्वचेत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठा.

मग विकायचा की ठेवायचा?

बसण्याच्या चाचणीत दोष सील किंवा व्हॉल्व्हचा निघाला आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक चांगले असतील, तर दुरुस्ती करून ट्रॅक्टर ठेवणेच बहुतेकांना परवडेल. सुटा भाग स्वस्त असला तरी लिफ्टचे कव्हर उतरवण्याची मजुरी वेगळी लागते. म्हणून कव्हर एकदा उघडले की आतील सर्व सील एकाच वेळी बदलून घ्या. ऑईलमध्ये धातूचा चुरा आहे, पंपही झिजला आहे आणि शिवाय इंजिन धूर टाकते आहे, अशी स्थिती असेल तर सगळ्या खर्चाचे लेखी अंदाजपत्रक घेऊन मगच नवीन ट्रॅक्टरचा विचार करा. विकायचाच ठरला तरी आधी निदान करून घ्या. 'फक्त सील गेले आहे' हे चाचणीसह दाखवता आले तर भाव पाडून मागणाऱ्याला उत्तर देता येते.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांनी याच चाचण्या उलट्या बाजूने कराव्यात. लिफ्ट रिकामी उचलून दाखवली म्हणजे ती चांगली असे होत नाही. अवजार जोडून, इंजिन अर्धा तास चालवून, गरम ऑईलवर पाहा.

कृषी सहायक आणि अवजार बँका चालवणाऱ्या गटांनी हंगामापूर्वी गावात एक गेज आणि एक अनुभवी मिस्त्री यांची सोय केली, तर एका दिवसात अनेक ट्रॅक्टरांचे निदान होईल. कर कमी झाल्याचा फायदा फक्त नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यालाच नाही, तर जुना सांभाळणाऱ्यालाही मिळायला हवा.