अंदाजाने वाचली जाणारी अक्षरे

सीमाप्रश्न कितीही तापो, संगणकात कन्नड आणि मराठी एकेकाळी एकाच क्रमांकांवर नांदत होत्या. १९९१च्या इस्की या भारतीय लिपींच्या मानकात दोन्हींच्या ‘क’चा क्रमांक १७९. लिपीची वेगळी खूण असेल तरच भाषा कळायची. युनिकोडने दोघींना स्वतंत्र घर दिले, पण क्रम इस्कीचाच ठेवला. म्हणून युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात मराठी ‘क’ २२४, १६४, १४९, तर कन्नड ‘क’ २२४, १७८, १४९. फरक फक्त मधल्या बाइटचा.

एवढी नेमकी व्यवस्था असूनही जुन्या फाइली घात करतात, कारण साध्या मजकुराच्या फाइलीवर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत, लिहिलेलेच नसते. युनिक्समध्ये १९७३पासून असलेली ‘फाइल’ ही आज्ञा आतले बाइट पाहून अंदाज बांधते. लिनक्सवर तिला इंग्रजी लहान आय जोडला की एन्कोडिंग कळते. मॅकवर त्याच आयला ‘साधी फाइल’ एवढेच उत्तर मिळते, तिथे मोठा आय लागतो. ओपनबीएसडीने तर २०१५मध्ये ही आज्ञाच नव्याने लिहिली. शिवाय ती फाइलीचा सुरुवातीचाच भाग तपासते, आणि तो किती हे आवृत्तीगणिक बदलते. वरचा इंग्रजी मजकूर लांबला, तर खालच्या मराठीचा पत्ताही लागत नाही; उत्तर येते, फक्त इंग्रजी अक्षरांची अ‍ॅस्की.

पुण्याची श्रीलिपी, कर्नाटकातली नुडी यांच्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले. तिथे आज्ञा ‘आयएसओ-८८५९’ म्हणते किंवा ‘अज्ञात’. तिला दोष देता येत नाही. लिपीची माहिती त्या बाइटांत नसतेच.

नावांचेही तेच. मॅकची १९९८ची एचएफएस प्लस प्रणाली फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून र आणि नुक्ता असा साठवायची; लिनक्स दिला तसा ठेवते. मग मॅकवरून लिनक्सवर आणलेली ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रत’ डोळ्यांना दिसते, पण शोधात सापडत नाही. आपल्या भाषेत ‘ऱ’ पावलोपावली येतो, म्हणून ही अडचण किरकोळ मानू नये.

साहित्यसंस्था, छापखाने आणि विद्यापीठांनी प्रत्येक जुन्या फाइलीसोबत फॉन्टचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वर्ष नोंदवावे. मूळ फाइल न पुसता यूटीएफ-८ प्रत करावी. नव्वदच्या दशकात या फॉन्टांत जुळणी करणारे ऑपरेटर आता निवृत्तीला आले आहेत. त्यांच्याकडची विचारपूस यंदाच सुरू व्हायला हवी.