समुद्राचा वास, यकृताचा वास

समुद्रातल्या जिवाणूंवरच्या मागच्या लेखाला आक्षेप आला तो नेहमीचाच: यकृताचे रुग्ण ताटकळत असताना डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची एन्झाइमं मोजत बसण्याची चैन कशाला? या प्रश्नाचा मला राग येतो. समुद्र आणि यकृत ही दोन वेगळी खाती आहेत असं त्यात धरून चाललेलं असतं, आणि रसायनं अशी खाती मानत नाहीत. यकृताचा सिरोसिस बळावलेल्या रुग्णाच्या श्वासाला गोडसर, कुबट वास येतो. अनुभवी डॉक्टर खाटेजवळ जाताच तो ओळखतात. 1955 साली लीड्सचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक चॅलेंजर आणि डॉक्टर जॉन वॉल्श यांनी या वासाचा संबंध मिथेनथायॉल या गंधकयुक्त वायूशी जोडला. याच चॅलेंजरांनी 1948 मध्ये सिम्पसन यांच्यासोबत लाल शैवालातून डीएमएसपी नावाचा पदार्थ वेगळा केला होता, ज्याच्यापासून डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. पुढे 1994 मध्ये नेदरलँड्सच्या टँगरमन यांनी दाखवून दिलं, की रुग्णाच्या श्वासातला मुख्य वास मिथेनथायॉलचा नसून डायमिथाइल सल्फाइडचा आहे. म्हणजे चॅलेंजरांच्या शैवालातला वायूच यकृताच्या रुग्णांच्या श्वासात निघाला. कोबी उकडताना स्वयंपाकघरात दरवळतो तो वासही बराचसा याचाच, आणि किनाऱ्यावर पोचण्याआधीच जो ‘समुद्राचा वास’ येतो त्यातही याचा मोठा हात असतो.

समुद्रात डीएमएसपीचे दोन रस्ते फुटतात. काही एन्झाइमं ते तोडून डायमिथाइल सल्फाइड हवेत सोडतात. पण त्याचा मोठा भाग जिवाणू दुसऱ्या वाटेने नेतात: आधी एक मिथाइल गट काढतात, मग मिथेनथायॉल तयार होतं आणि त्यातलं गंधक मेथिओनिन या अमिनो आम्लात, म्हणजे स्वतःच्या प्रथिनांत, जिरतं. समुद्रात सर्वत्र आढळणाऱ्या एसएआर11 गटातल्या जिवाणूंना पाण्यातल्या सल्फेटचं गंधक वापरताच येत नाही, त्यांचा जीव अशा तयार गंधकावरच असतो. आपल्या आतड्यात हाच प्रवास उलटा होतो. तिथले जिवाणू मेथिओनिन फोडून मिथेनथायॉल बनवतात, आणि त्यांना जे टाकाऊ ते आपल्याला विषारी. ते निस्तरायचं काम शरीराच्या एन्झाइमांवर पडतं.

यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम आपल्याला कळलं ते जिवाणूंमुळे. सेलेनबीपी1 हे प्रथिन माणसात असतं हे माहीत होतं, पण त्याचं काम कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांना गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या हायफोमायक्रोबियम जिवाणूत मिथेनथायॉल जाळणारं एन्झाइम ठाऊक होतं. त्याचंच भावंड माणसात सेलेनबीपी1 म्हणून बसलेलं निघालं. 2018 साली त्यांनी दाखवलं, की या जनुकात दोष असलेल्यांच्या रक्तात मिथेनथायॉल आणि डायमिथाइल सल्फाइड साचतात आणि दात-हिरड्या धड असूनही तोंडाला घाण वास येतो. यावर कोणी म्हणेल, की हायफोमायक्रोबियम काही समुद्रातला नव्हे, आणि सिरोसिसमध्ये जनुक शाबूतच असतं. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण या एन्झाइमाचे नातलग सागरी जिवाणूंतही आहेत. आणि सिरोसिसमध्ये घोटाळा होतो तो आतड्याकडून येणारं रक्त कडक झालेल्या यकृताला वळसा घालून पुढे जातं म्हणून. एका रुग्णाकडे एन्झाइम नाही, दुसऱ्याकडे यकृताच्या एन्झाइमांपर्यंत रक्तच पोचत नाही, आणि श्वासात येणारा वायू तोच. यातून औषध अजून निघालेलं नाही हेही खरं, पण रोगात नेमकं काय बिघडतं हे कळल्याशिवाय औषध शोधायचं तरी कुठे?

एन्झाइमांचाच विषय निघाला म्हणून: यकृताच्या रक्ततपासणीतल्या एसजीपीटीबद्दल मी इथे वारंवार लिहितो, कारण रिपोर्टवरचा तो आकडा म्हणजे यकृताच्या जखमी पेशींतून रक्तात सांडलेलं एन्झाइम. यकृत काम किती करतंय हे त्यातून कळत नाही. सिरोसिस फार पुढे गेला की सांडायला पेशीच कमी उरतात आणि तो आकडा नॉर्मलही येऊ शकतो. रुग्णाच्या श्वासाला मात्र तेव्हाही उकडलेल्या कोबीचा वास येत असतो.