कैफियत ऐकणारा संशोधक

1929 सालच्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेला, अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकच्या संधिरोग विभागाचे प्रमुख डॉक्टर फिलिप हेंच यांच्यापुढे पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ, जे स्वतःही डॉक्टरच होते, आपली हकीकत सांगत बसले होते. कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून आपली जुनी सांधेदुखी ओसरू लागली, एवढेच त्यांचे सांगणे होते. असल्या गोष्टी रोगी सांगतच असतात, आणि बहुतेक वैद्य त्या योगायोगाच्या खाती जमा करून पुढच्या रोग्यास आत बोलावतात. हेंच यांनी मात्र ती नोंदवून ठेवली आणि त्या एका नोंदीचा पाठपुरावा एकोणीस वर्षे केला. त्यांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म मला त्या नोंदीतच दिसते.

आमवात एकदा जडला की सांधे झिजवीतच जातो, असा त्या काळच्या वैद्यकाचा पक्का समज होता. तोच रोग जर कावीळ होताच माघार घेत असेल, तर त्यास माघारी फिरवणारे काहीतरी खुद्द शरीरातच वसत असले पाहिजे, असे अनुमान हेंच यांनी बांधले. त्यांनी काविळीचे आणखी रोगी धुंडाळले. गर्भारपणात अनेक स्त्रियांची सांधेदुखी शमते, हेही त्यांच्या ध्यानी आले. या अज्ञात द्रव्याच्या शोधात पित्तक्षार देऊन पाहिले, काविळीच्या रोग्यांचे रक्तही देऊन पाहिले, आणि यश आले नाही. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनज्ञ अधिवृक्क ग्रंथींतून, म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या इवल्याशा ग्रंथींतून, एकेक द्रव्य वेगळे काढीत होते. त्यांतील ‘ई’ द्रव्य हाती आले की आमवातावर वापरून पाहायचे, असे दोघांनी 1941 साली ठरवले. मध्ये महायुद्धाची वर्षे गेली. मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी बैलाच्या पित्तापासून, तिसांहून अधिक पायऱ्या चढून, ते द्रव्य सिद्ध केले, तेव्हा कुठे 21 सप्टेंबर 1948 रोजी एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीस त्याची पहिली सुई टोचता आली. अंथरुणात कूस बदलणेही जिला जड जात होते, ती स्त्री आठवड्याभरात पेठेत जाऊन तीन तास खरेदी करून आली. तेच कॉर्टिसोन.

एवढे यश पाहून कोणाचाही तोल गेला असता. हेंच यांनी मात्र आमवात बरा झाला असे कधी म्हटले नाही. हा रोग परतवता येतो, एवढाच दावा त्यांनी नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकात केला. औषध थांबताच दुखणे परत येते, आणि चालू ठेवावे तर चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, हे लवकरच दिसून आले. ज्या द्रव्याचा शोध इतक्या सबुरीने लागला, त्याच्या वंशातील औषधे, म्हणजे स्टेरॉइड, आज आमच्या खेड्यापाड्यांत किती उतावीळपणे वापरली जातात, हे मी घरातच पाहिले आहे.

माझ्या मावशीची बोटे सकाळी अशी आखडत की दाराची कडी तिला मनगटाने सरकवावी लागे, आणि ओले लुगडे पिळायला शेजारणीस हाक मारावी लागे. तालुक्याच्या गावी कोणी बिननावाच्या पुड्या देई. चार दिवसांत हात मोकळे झाले, चेहरा वाटोळा झाला, आणि बाईने अंग धरले म्हणून आळीने आनंद मानला. दोन वर्षांनी उंबऱ्यावर साधा पाय अडखळला आणि खुब्याचे हाड मोडले. त्या पुडीत स्टेरॉइड होते, हे आम्हांस तेव्हा कळले. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचली पाहिजे, हे मी सरकारास आग्रहाने सांगेन. पण पुडीला गिऱ्हाईक का मिळते, याचा विचार त्याआधी करावा लागेल. सरकारी दवाखान्याच्या रांगेत रोग्याच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, आणि त्या दोन मिनिटांत कैफियत मांडून होत नाही. डॉक्टरांची रिक्त पदे भरा, आणि जो तरुण डॉक्टर रोग्यांच्या हकीकती वर्षानुवर्षे टिपून ठेवू इच्छितो, त्यास त्या कामासाठी वेळ व वेतन द्या. दरसालच्या अहवालात दाखवण्याजोगे त्याच्यापाशी पुष्कळ वर्षे काही नसेल, हे धरूनच द्या. हेंच यांच्यापाशीही नव्हते.

खुब्याचे हाड सांधल्यावर मावशीला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, “मावशी, सकाळी उठल्यावर बोटे किती वेळ आखडलेली राहतात?” मावशी आधी गप्प राहिली, मग बोलू लागली, आणि बोलता बोलता म्हणाली की धाकट्याच्या वेळी पोटुशी होते तेव्हा नऊ महिने हात मुळीच दुखले नव्हते. तीस वर्षांत हे तिला कोणी विचारले नव्हते, आम्हीही नाही. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतले.