आजचे आपण पाहू, पुढचे त्याच्यावर

आज १० जून. दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही जगभर पसरलेली संघटना आजचा दिवस आपला स्थापना दिन मानते. तिचा उगम एका फसलेल्या बेतात आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस एका कंपनीचा ताबा मिळवायला अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी आला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. डाव उलटला. खिशात पैसा नाही, हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार आणि दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन उचलला. एका धर्मगुरूमार्फत ओळखी काढत तो डॉ. बॉब स्मिथ या दारूत बुडालेल्या सर्जनपर्यंत पोहोचला. या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून मानतात. कंपनी हाती आली असती, तर विल्सनने तो फोन केला असता का, कोण जाणे.

व्यसनातून उठलेल्या माणसाकडे बेतांना तोटा नसतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला की वहीत यादी तयार: दिवाळीपर्यंत देणी फेडायची, दुकान पुन्हा उघडायचे, लेकीचे लग्न थाटात लावायचे. हेतू चांगलाच, पण वाया गेलेली दहा वर्षे त्याला एका वर्षात वसूल करायची असतात. मग एखादा हप्ता थकतो, रुसलेला भाऊ फोन उचलत नाही आणि मन म्हणते, एवढे करून मिळवले काय? तिथून गुत्ता फार लांब नसतो. ‘मनात आणले तर उद्या सोडेन’ म्हणणारा आणि ‘वर्षभरात सगळे जागेवर आणतो’ म्हणणारा, दोघांच्याही तोंडी हट्ट तोच.

दारूपासून दूर राहण्यासाठी संघटनेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांतली तिसरी या हट्टालाच हात घालते: ज्याला जसा उमगला, तशा ईश्वराच्या हाती आपली इच्छा आणि आयुष्य सोपवायचे. देव न मानणाऱ्यालाही दार उघडे राहावे, म्हणून ‘जसा उमगला’ हे शब्द.

अर्थात, देवावर हवाला ठेवणे म्हणजे हातपाय गाळणे नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. तिथे अंगाऱ्यावर विसंबून चालत नाही, डॉक्टरच लागतो. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, त्यामागे डॉ. अनिता अवचट यांच्यासारखी मनोविकारतज्ज्ञ होती, हे विसरू नये. पगाराच्या दिवशी नेहमीचा रस्ता टाळणे, एटीएम कार्ड बायकोच्या हाती देणे, हेही श्रद्धेचेच आचरण.

गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. वारकऱ्याला ओढ पंढरीची असते, पण तो चालतो त्या दिवशीच्या मुक्कामापुरते. घरच्यांनीही एवढेच ध्यानात घ्यावे. ‘पुढे काय ठरवलेस?’ हा प्रश्न काही महिने बाजूला ठेवावा आणि ‘आज संघटनेच्या मीटिंगला जाऊन आलास का?’ एवढेच विचारावे. दुकान कधी उघडेल, भाऊ कधी बोलेल, ते त्या ईश्वरावर सोडा. डॉक्टरांनी दिलेली आजची गोळी आणि संध्याकाळची मीटिंग मात्र चुकू देऊ नका.