पहिल्या दिवसाची नोंद

सेवाकार्यासाठी परदेशातून काठमांडूला आलेल्या तरुणांच्या दैनंदिनीत पहिल्या दिवशी बहुधा एकच नोंद आढळते : अनाथालयातील मुले धावत आली आणि बिलगली. नोंद प्रामाणिक असते. तिचा अर्थ मात्र तपासून घ्यावयास हवा. अनोळखी माणसाला क्षणात बिलगणारे मूल आनंदीच असते असे नाही. काही आठवड्यांनी हा दादा जाणार आणि दुसरा येणार, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. ते अनाथ असेलच, असेही नाही. नेपाळमधील अनाथालयांतील ८५ टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने २०१५ च्या भूकंपानंतर निदर्शनास आणले होते. शिक्षणाच्या आमिषाने दूरच्या खेड्यांतून मुले आणली जातात. अनाथालयांची दाटी मात्र काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर! जमाखर्च जाणणाऱ्यास यातील मागणी-पुरवठा उलगडून सांगावयास नको.

तरुणांनी जाऊच नये, असे नव्हे. भूकंपात पडलेल्या शाळा उभारण्यास हात हवेच होते. परंतु अनाथालयाचे शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : या मुलांचे आईवडील कोठे आहेत, आणि त्यांना घरी परत पाठविण्यासाठी गतवर्षी किती रक्कम खर्ची पडली?